पाटी बदलली, दुकान तेच : मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे सर्व संपादक,
मुंबई

सप्रेम नमस्कार.

येत्या २६ नोव्हेंबरला मुंबईवरच्या हल्ल्याला १७ वर्षं पूर्ण होतील. त्या दिवसाच्या कार्यक्रमांची जुळवाजुळव तुमच्याकडे सुरू झाली असेल. ताजच्या घुमटातून निघणारा धूर, खांद्यावर पिशवी आणि हातात बंदूक घेतलेला कसाब, स्मारकाला पुष्पचक्र आणि रात्री चौकटीचौकटींत बसलेल्या पाहुण्यांची चर्चा, हे दरवर्षी दिसतं. पण हल्ला करणारी ती दहा माणसं ज्या लष्कर-ए-तैयबाने पाठवली, ती पाकिस्तानी संघटना कोणी काढली, कशी वाढली, तिला पैसा कुठून येतो, तिच्या म्होरक्यांचं पुढे काय झालं, हे सलग अर्धा तास शांतपणे सांगणारा एकही कार्यक्रम मी आजवर मराठी वाहिनीवर पाहिलेला नाही. आणि मी बातम्या बघणारी बाई आहे.

हे पत्र यंदाच लिहायला घेतलं, कारण २०२५ या एकाच वर्षात तुम्हाला ही गोष्ट सांगायची तीनदा संधी होती. १० एप्रिलला मुंबई हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून भारतात आणलं. २२ एप्रिलला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जणांना मारलं. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. तिन्ही बातम्यांत लष्कर-ए-तैयबाचं नाव होतं आणि तिन्ही वेळा तुम्ही ते नाव उच्चारून पुढे गेलात. तुमच्या बातम्यांवर ज्यांचं घर आणि ज्यांचा वर्ग चालतो, त्यांच्या वतीने मला हे आता गप्प बसून सोसवत नाही.

मी डोंबिवलीत राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. माझा मोठा भाऊ मध्य रेल्वेत होता आणि २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री तो सीएसटीला ड्युटीवर होता. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून लोकलच्या प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगितलं. ते ऐकून वळलेल्या गर्दीत दादा होता. सीएसटीत त्या रात्री पन्नासहून अधिक माणसं मेली. दादा घरी आला, पण त्याच्या रोजच्या ओळखीतली काही माणसं आली नाहीत. आणि यंदा एप्रिलमध्ये पहलगामहून महाराष्ट्रातल्या सहा जणांचे मृतदेह आले, त्यांतले तीन आमच्या डोंबिवलीचे होते. अंत्यदर्शनाच्या रांगेत मीही होते. तेव्हा या संघटनेचा माझ्याशी काय संबंध, हे मला कोणी विचारू नये.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. बारावीच्या राज्यशास्त्रात राष्ट्रीय एकात्मतेसमोरच्या आव्हानांवर धडा आहे, त्यात दहशतवाद येतो. मी फळ्यावर लष्कर-ए-तैयबा एवढंच लिहिलं आणि मुलांना म्हटलं, जे माहीत आहे ते सांगा. एक म्हणाला, काश्मीरमधली संघटना. दुसरा म्हणाला, आयसिसचंच नाव. मदरशातली मुलं, असं तिघाचौघांनी सांगितलं. टीआरएफ, म्हणजे 'द रेझिस्टन्स फ्रंट', ही वेगळी, नवीन संघटना आहे, यावर तर जवळजवळ सगळ्या वर्गाचं एकमत होतं. ही हुशार मुलं आहेत. मोबाईलवर तुमच्या बातम्यांचे तुकडे दिवसभर पाहतात. एवढं पाहूनही त्यांच्या हाती लागलेलं हे सगळं चुकीचं आहे.

त्या तासाला मुंब्र्याहून येणारी एक मुलगी काहीच बोलली नाही. नंतर व्हरांड्यात माझ्या सोबत चालत आली आणि म्हणाली, "मॅडम, लेडीज डब्यात कुणाच्या मोबाईलवर न्यूजची डिबेट लागली ना, की मी सीट सोडून दारात जाऊन उभी राहते." मी विचारलं, कोणी काही बोललं का? ती म्हणाली, "बोलत नाही कोणी. पण बघतात."

मुलांची उत्तरं आणि तिचं हे वाक्य, दोन्हींचं मूळ मला एकच वाटतं. संघटनेचा इतिहास तुम्ही सांगत नाही. मग ती जागा रिकामी राहते आणि तिथे शेजाऱ्याचा धर्म येऊन बसतो. खरा गुन्हेगार नव्या नावाआड सुटतो आणि ज्या मुलीचा कशाशी संबंध नाही, ती डब्याच्या दारात उभी राहते.

तो इतिहास सांगायला फार अवघड नाही. मी वर्गात सांगितला, तसाच इथे लिहिते.

सुरुवात काश्मीरमध्ये झालेली नाही. मदरशातही झालेली नाही. ती लाहोरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात झाली. १९८०च्या दशकात हाफिज मुहम्मद सईद आणि जफर इक्बाल तिथे शिकवत होते. सईदचं कुटुंब फाळणीत भारतातून तिकडे गेलेलं. पुढे तो सौदी अरेबियात शिकला आणि जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत पाकिस्तानच्या इस्लामी विचारधारा परिषदेवर त्याची नेमणूक झाली. शेजारी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांविरुद्ध लढाई चालू होती. अमेरिका आणि सौदीचा पैसा पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तहेर संघटनेमार्फत तिथे जात होता. ओकाऱ्याचा झकी उर रहमान लख्वी त्या लढाईसाठी माणसं जमवत होता. सईद, इक्बाल, लख्वी यांची मंडळी एकत्र आली आणि दशकाच्या मध्यानंतर 'मरकज दावत वल इर्शाद' ही संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीशी अब्दुल्ला अज्जाम या पॅलेस्टिनी मौलवीचंही नाव जोडलं जातं. हा ओसामा बिन लादेनचा गुरू, १९८९ साली पेशावरमध्ये बॉम्बस्फोटात मारला गेला. प्रचार, शाळा, धर्मशिक्षण हे मरकजचं काम आणि शस्त्रं हे तिच्या लष्करी शाखेचं काम. ती शाखा म्हणजे लष्कर-ए-तैयबा. पुढे मी नुसतं 'लष्कर' लिहीन ते हेच. १९९०च्या सुमारास अफगाणिस्तानातल्या कुनार भागात तिचे तळ होते.

१९८९च्या फेब्रुवारीत सोव्हिएत फौजा परत गेल्या. त्याच सुमारास काश्मीर पेटलं. काश्मीरच्या असंतोषाला त्याची स्वतःची कारणं होती. तो वेगळा आणि तेवढाच मोठा विषय आहे. पण लष्कर हे त्या असंतोषाचं अपत्य नव्हे. अफगाण युद्धासाठी उभी केलेली यंत्रणा रिकामी झाली आणि ती पाकिस्तानी सैन्याच्या आशीर्वादाने पूर्वेकडे वळवली गेली. तिची माणसं बहुतांशी पाकिस्तानी पंजाबातली होती. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या दहशतवादविषयक केंद्राने २०१३ मध्ये लष्करच्या मारल्या गेलेल्या नऊशेहून अधिक जणांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माहिती लष्करच्याच प्रकाशनांतली होती. त्यात दिसलं ते असं : बहुतेक पोरं पंजाबची, भरती होताना सरासरी वय सतराच्या आसपास, आणि शिक्षण त्यांच्या वयाच्या सर्वसाधारण पाकिस्तानी मुलांपेक्षा जास्त. सतरा म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांचं वय. हे सांगितल्यावर माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तुमच्या ग्राफिक्सनी ती शांतता कधी आणली नसती.

आणखी एक गोष्ट. लष्कर हे पीर-दर्गे न मानणाऱ्या अहल-ए-हदीस पंथाचं आहे. पाकिस्तानातही हा पंथ अल्पसंख्य आहे. तिथली बहुसंख्य जनता बरेलवी, पीर-दर्गे मानणारी. पाकिस्तानी राज्यसंस्थेवर हत्यार उगारायचं नाही, ही लष्करची ठरवलेली भूमिका. तहरीक-ए-तालिबान ही दुसरी दहशतवादी संघटना पाकिस्तानी सैनिकांना मारते, लष्कर मारत नाही. म्हणून सरकारं बदलली, हुकूमशहा आले-गेले, तरी तिच्यावर हात पडला तो वरवरचाच. 'सगळे एकच' असं तुमचा निवेदक ओरडतो, तेव्हा ही संघटना एवढी वर्षं टिकली कशी याचं उत्तरच तो पुसून टाकतो.

लाहोरपासून तीसेक किलोमीटरवर मुरीदके आहे. तिथे या संघटनेचं सुमारे दोनशे एकरांचं संकुल. मशीद, शाळा, दवाखाना, शेती, वसतिगृहं. ७ मे २०२५ला ऑपरेशन सिंदूरमध्ये तिथे हल्ला झाला तेव्हा तुम्ही पडलेल्या इमारतीची दृश्यं रात्रभर फिरवलीत. ते संकुल काय आहे हे तेव्हा तरी सांगायला हवं होतं. दुकानांच्या गल्ल्यांवर ठेवलेल्या दानपेट्या, बकरी ईदला गोळा केलेली कुर्बानीची कातडी, आखाती देशांतल्या देणग्या, यांवर हा संसार चालत होता. २००८च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या दबावाखाली पाकिस्तानातल्या पंजाब सरकारने या संस्था ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं, प्रशासक नेमला आणि पुढे त्यांच्यासाठी सरकारी अंदाजपत्रकातून पैसे दिले. बंदी घातलेल्या संस्थेला करदात्यांचा पैसा! पाकिस्तानी सर्वसामान्य माणसालाही हा प्रश्न पडायला हवा असा आहे, आणि तिथल्या काही पत्रकारांनी धोका पत्करून तो विचारलाही.

आता नावांबद्दल. २००१च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला. त्याच महिन्यात अमेरिकेने लष्करला दहशतवादी संघटनांच्या यादीत घातलं. जानेवारी २००२ मध्ये मुशर्रफ सरकारने बंदी घातली. तोवर सईदने लष्करचं पद सोडून 'जमात-उद-दावा'ची पाटी लावलेली होती. २००५च्या भूकंपात पाकव्याप्त काश्मीरमध्ये हीच जमात मदतकार्यात पुढे होती आणि त्यातून तिला लोकांचा विश्वास आणि आणखी पैसा मिळाला. संयुक्त राष्ट्रांनी जमातचं नाव यादीत घातल्यावर 'फलाह-ए-इन्सानियत फाउंडेशन' पुढे आलं. २०१७ मध्ये 'मिल्ली मुस्लिम लीग' नावाचा पक्ष निघाला, निवडणूक आयोगाने नोंदणी नाकारली, तर २०१८ची निवडणूक त्यांनी दुसऱ्याच एका पक्षाच्या नावावर लढवली. एकही जागा आली नाही. पाकिस्तानी मतदाराने त्यांना साफ नाकारलं, ही बातमी तुम्ही ठळक दाखवायला हवी होती. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा गेला आणि त्यानंतर 'द रेझिस्टन्स फ्रंट' हे नाव दिसू लागलं. ऐकायला स्थानिक वाटावं, धर्माचा आणि पाकिस्तानचा उल्लेख नसावा, अशी त्या नावाची रचना. भारताने जानेवारी २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने तिला लष्करचाच मुखवटा ठरवून यादीत घातलं.

हा जुलैचा निर्णय सोडला तर बाकी सगळं आधीच जाहीर कागदपत्रांत असताना, पहलगामच्या हल्ल्यात टीआरएफचं नाव आल्यावर २२ एप्रिलच्या रात्री तुमच्या पडद्यावर 'कोण आहे ही नवी संघटना?' अशी पट्टी फिरत होती. पाटी बदलून लोकांना चकवायचं हा ज्यांचा धंदा, त्यांचा अर्धा हेतू तुमच्या त्या पट्टीने साधला.

कसाबचंही तसंच. ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोट गावचा, बाप गाडीवर खाद्यपदार्थ विकणारा, स्वतः एका मंडप-केटरिंगवाल्याकडे कामाला. जबाबात त्याने सांगितलं की दरोडे घालायचे म्हणून मित्रासोबत रावळपिंडीत हत्यार शोधत होता आणि तिथून लष्करच्या कार्यालयात पोहोचला. मग प्रशिक्षणाचे टप्पे : मुरीदकेला २१ दिवसांचा दौरा-ए-सुफ्फा, मानसेहराकडे २१ दिवसांचा दौरा-ए-आम, मग मुझफ्फराबादजवळ तीन महिन्यांचा दौरा-ए-खास. शेवटी समुद्राचं शिक्षण आणि कराची. भुरटी चोरी करणाऱ्या पोराला पायरीपायरीने खुनी कसं केलं जातं, हे आपल्या न्यायालयांच्या निकालपत्रांत नोंदलेलं आहे. तुम्ही दाखवलीत ती त्याच्या बिर्याणीची बातमी. ती बिर्याणी नव्हतीच, हे पुढे सरकारी वकिलांनीच सांगितलं.

आणि आपल्या घरचा दुवा? बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा जबिउद्दीन अन्सारी २००६च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात फरार झाला. तो कराचीच्या नियंत्रणकक्षात बसून सूचना देत होता, असं तपास यंत्रणा म्हणतात. २०१२ मध्ये सौदीने त्याला भारताच्या ताब्यात दिलं आणि २०१६ मध्ये शस्त्रसाठ्याच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली. मराठवाड्यातला एक पोरगा कराचीपर्यंत कोणत्या हातांनी नेला, हा प्रश्न मराठी वाहिनीने धसाला लावायचा नाही तर कोणी लावायचा? तुम्ही फक्त गेवराईच्या गल्लीत कॅमेरा नेलात आणि त्याच्या शेजाऱ्यांना उभं केलंत.

आता माझ्या तक्रारी. त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

सर्वांत मोठी आहे ती निर्दोष सुटलेल्यांबद्दलची. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८०हून अधिक माणसं गेली. लष्कर आणि सिमी या बंदी घातलेल्या विद्यार्थी संघटनेचं हे काम असल्याचं पोलिसांनी सांगितलं, माणसं पकडली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ला उच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आलेला नाही. गुन्हा उकलल्याचा आभास निर्माण केला की खरा धोका मोकळाच राहतो, अशा अर्थाचं निरीक्षणही त्या निकालात आहे. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरता येणार नाही, एवढी स्थगिती मिळाली आहे. पुढे काय व्हायचं ते तिथे होईल. पण ही माणसं १९ वर्षं आत होती, एकजण तर निकाल ऐकायला जिवंतही राहिला नाही. अटकेच्या दिवशी त्यांचे चेहरे, नावं, घरं, मोहल्ले दाखवताना तुम्ही 'आरोपी' हा शब्दसुद्धा वापरत नव्हतात. सुटकेच्या दिवशी मात्र चर्चेचा विषय होता, मग स्फोट केले कोणी? प्रश्न योग्यच आहे. तो तुम्ही पहिल्या दिवसापासून तपास यंत्रणांना विचारायला हवा होता. ज्यांची माणसं त्या लोकलमध्ये गेली त्यांना आज काहीच उत्तर नाही, आणि त्यांच्या वतीने तो प्रश्न लावून धरणारा वार्ताहर मला एकाही वाहिनीवर दिसत नाही. मालेगावच्या २००६च्या स्फोटातही हेच झालं. त्यात पकडलेले मुसलमान तरुण २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. त्यांच्या अटकेची बातमी ज्या आवाजात दिली, त्या आवाजात दोषमुक्तीची दिली का?

दुसरी तक्रार मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, गोवंडी या नावांबद्दल आहे. देशात कुठेही हल्ला झाला की तुमच्या पडद्यावर 'स्लीपर सेल' हे शब्द येतात आणि त्यांच्यामागे या गावांतल्या बाजाराची दृश्यं लागतात. रमजानमध्ये खरेदी करणारी बायामाणसं, टोपी घातलेली शाळकरी मुलं. त्यांची परवानगी घेतलेली नसते. त्यांचा त्या बातमीशी संबंध नसतो. ज्या मुंबईवर हल्ला झाला त्याच मुंबईतल्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नऊ हल्लेखोरांना दफन करायला जागा नाकारली होती. ते मृतदेह वर्षभराहून जास्त काळ पडून राहिले आणि शेवटी सरकारला जानेवारी २०१० मध्ये गुपचूप पुरावे लागले. पहलगामला पर्यटकांना वाचवताना सय्यद आदिल हुसेन शाह हा घोडेवाला मारला गेला. मुंबईच्या मृतांतही मुसलमान होते. ही माहिती तुमच्याकडे आहे. ती तुम्ही एखाद्या दिवशी 'एकतेचं दर्शन' म्हणून दाखवता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजाराची तीच दृश्यं लावता.

तिसरी, थेट प्रक्षेपणाची. २००८ला तुमच्या पडद्यावरून कमांडो कुठे उतरतायत हे सगळं जग बघत होतं, आणि कराचीत बसलेले सूत्रधारही बघत होते. फोनवरच्या संभाषणांतून ते उघड झालं. कसाबचं अपील फेटाळताना २९ ऑगस्ट २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर नियम झाले. तरीही मे २०२५ मध्ये संरक्षण कारवाईचं थेट प्रक्षेपण करू नका, हे केंद्र सरकारला पुन्हा पत्रक काढून सांगावं लागलं. कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वाजवू नका, हेही सांगावं लागलं. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी देशातल्या अनेक वाहिन्यांनी दिली. त्या रात्री आमच्या सोसायटीत फटाके वाजले. सकाळी ती बातमी पडद्यावरून गायब झाली. 'चुकलो' असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

शोकात बसलेल्या बायकांच्या तोंडासमोर माईक धरण्याबद्दल मी फार लिहीत नाही. डोंबिवलीत मी ते डोळ्यांनी पाहिलं. एवढंच म्हणते की ते थांबवा.

आणि पाठपुरावा. राणाला आणलं त्या दिवशी विमान कुठवर आलं, गाड्यांचा ताफा कोणत्या रस्त्याने गेला, कोठडी किती फुटांची, सगळं कळलं. त्याच्या खटल्याचं आज काय चाललंय हे तुमच्या किती प्रेक्षकांना माहीत आहे? लष्करचा हस्तक डेव्हिड हेडलीने ताडदेवला कार्यालय थाटून मुंबईची टेहळणी केली, २०१६ मध्ये अमेरिकेतून व्हिडिओद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली आणि लष्कर व आयएसआयचे संबंध उलगडून सांगितले. ती साक्ष काही दिवस गाजली आणि विरली. हाफिज सईदला २०२० आणि २०२२ मध्ये शिक्षा झाल्या, लख्वीला २०२१ मध्ये, मुंबई हल्ल्याचा एक सूत्रधार मानल्या जाणाऱ्या साजिद मीरला २०२२ मध्ये. पण त्या दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल झाल्या. मुंबईतल्या १६६ जणांच्या खुनाबद्दल पाकिस्तानात आजवर एकालाही शिक्षा नाही. शिवाय या शिक्षा झाल्या कधी? जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात, आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाने, म्हणजे एफएटीएफने, पाकिस्तानला करड्या यादीत, म्हणजे दहशतवादाला जाणारा पैसा रोखण्यात कमी पडणाऱ्या देशांच्या यादीत, ठेवलं होतं तेव्हा. पैशाची नाडी आवळली की म्होरके आत जातात, हे त्या चार वर्षांनी दाखवून दिलं. आमच्यासारख्यांनी आपल्या खासदारांकडे नेमकी कशाची मागणी करावी, हे अशा माहितीतून कळतं. आरडाओरड्यातून नाही कळत.

तुमच्यापुढे टीआरपीचा रेटा आहे, माणसं कमी आहेत, वार्ताहरांचे पगार तुटपुंजे आहेत, हे मला ठाऊक आहे. माझे दोन माजी विद्यार्थी तुमच्याकडेच काम करतात आणि ते मनापासून काम करतात. म्हणूनच अशक्य असं काही मी मागत नाही.

यंदाच्या २६ नोव्हेंबरला संध्याकाळच्या मुख्य वेळेत लष्कर-ए-तैयबाच्या जन्मापासून आजपर्यंतचा इतिहास सांगणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करा. चर्चा नको, पार्श्वसंगीत नको. नकाशा, तारखा, कागदपत्रं आणि एक अभ्यासू निवेदक पुरे. तो यूट्यूबवर मोफत ठेवा, म्हणजे आम्हा शिक्षकांना वर्गात दाखवता येईल.

टीआरएफ किंवा उद्या येईल त्या नव्या नावाचा उल्लेख कराल तेव्हा प्रत्येक वेळी मूळ संघटना, तिचा देश आणि तिच्या म्होरक्यांची न्यायालयीन स्थिती एका ओळीत द्या.

आरोपपत्र दाखल होईपर्यंत संशयितांचा चेहरा आणि घर दाखवू नका. दोष सिद्ध होईपर्यंत 'आरोपी' हाच शब्द वापरा. सुटका झाली तर ती अटकेइतक्याच वेळेत आणि त्याच जागी दाखवा.

वस्त्यांची, बाजारांची, नमाजाची साठवलेली दृश्यं दहशतवादाच्या बातमीमागे लावणं आजपासून बंद करा. संपादकांच्या एका लेखी सूचनेने हे होण्यासारखं आहे.

राणाचा खटला, २००६च्या लोकल स्फोटांचं सर्वोच्च न्यायालयातलं अपील आणि पाकिस्तानात रखडलेला मुंबई हल्ल्याचा खटला, या तिन्हींचा महिन्यातून एकदा आढावा द्या. त्यासाठी उर्दू वाचू शकणारा एक वार्ताहर नेमा. मराठवाड्यात असे तरुण पत्रकार भरपूर आहेत.

चुकीची बातमी गेली तर ती ज्या वेळेला गेली त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सांगा.

यांतल्या कोणत्या गोष्टी तुम्ही करणार आणि कोणत्या नाही, हे २६ नोव्हेंबरच्या आधी तुमच्याच पडद्यावर जाहीर सांगावं, अशी विनंती आहे. कार्यक्रमासाठी माझी टिपणं, न्यायालयांच्या निकालपत्रांतले संदर्भ आणि माझ्या विद्यार्थ्यांनी काढलेला संघटनेच्या नावांचा कालपट मी कोणत्याही वाहिनीला द्यायला तयार आहे. त्याचे पैसे नकोत आणि पडद्यावर नावही नको.

आपली,
राज्यशास्त्राची एक शिक्षिका,
डोंबिवली